नियम आधी, कारण बाराशे वर्षांनी

शके ५५०, म्हणजे इ. स. ६२८. आजच्या राजस्थानात जालोर जिल्ह्यात भीनमाळ नावाचे गाव आहे. तेव्हा ते भिल्लमाळ होते आणि त्या मुलखावर चाप घराण्यातल्या व्याघ्रमुख राजाचे राज्य होते. जिष्णूचा मुलगा ब्रह्मगुप्त त्या वर्षी तीस वर्षांचा होता आणि त्याचा 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' हा ग्रंथ पुरा झाला होता. ग्रंथ ज्योतिषाचा. ग्रहांची स्थाने, ग्रहणे, चंद्रकोरीची टोके आणि आधीच्या आचार्यांच्या चुका दाखवणारा एक अख्खा अध्याय, असा त्याचा ऐवज. एक हजार आठ आर्यांच्या या ग्रंथात अठरावा अध्याय कुट्टकाचा, म्हणजे आज ज्याला बीजगणित म्हणतात त्याचा. त्या अध्यायातल्या जेमतेम सहा आर्यांमध्ये ब्रह्मगुप्ताने असे काही लिहून ठेवले, की जे युरोपातले नामवंत गणिती अकराशे-बाराशे वर्षांनंतरही मान्य करायला कचरत होते.

त्या आर्यांत धन, ऋण आणि शून्य यांच्या आकडेमोडीचे नियम आहेत. धनात धन मिळवले की धन, ऋणात ऋण मिळवले की ऋण. धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांच्यातला फरक, आणि दोन्ही सारखे असतील तर शून्य. ऋणात शून्य मिळवले तर ऋण तसेच राहते. लहानातून मोठे वजा केले तर उरणाऱ्याचे चिन्ह उलटते. शून्यातून ऋण वजा केले तर धन येते. धन गुणिले ऋण म्हणजे ऋण, ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, आणि कशालाही शून्याने गुणले तरी शून्य. एके ठिकाणी तो घसरला: शून्याला शून्याने भागले की शून्य येते, असे त्याने लिहिले, आणि ते टिकले नाही. बाकीचे नियम मात्र आज सहावी-सातवीच्या पुस्तकात आहेत तेच आहेत.

या नियमांचे मोठेपण त्यांच्या पुरेपणात आहे. ऋण संख्या त्याच्या आधीही लोकांनी हाताळल्या होत्या. ब्रह्मगुप्ताने त्यांना धन संख्यांच्या बरोबरीने, शून्यासह, एकाच व्यवस्थेत बसवले. आता कोणतीही संख्या कोणत्याही संख्येतून वजा करता येऊ लागली आणि उत्तर त्याच व्यवस्थेत सापडू लागले. पण सूत्रकाराच्या रीतीप्रमाणे त्याने नियम दिले, कारणे दिली नाहीत. ऋण गुणिले ऋण धनच का, ऋण का नाही, याबद्दल त्या आर्या गप्प आहेत. या एका प्रश्नाने पुढच्या बारा शतकांत पुष्कळांना अडवले.

ब्रह्मगुप्ताच्या कितीतरी आधी चीनमध्ये हिशेबनीस मोजकाड्या मांडून समीकरणे सोडवत. 'जिउझांग सुआनशू', म्हणजे गणिताचे नऊ अध्याय, हा त्यांचा जुना ग्रंथ. हान घराण्याच्या काळात तो आज दिसतो त्या रूपात आला. त्याच्या आठव्या अध्यायातले एक उदाहरण असे आहे. कोणी २ गाई आणि ५ मेंढ्या विकून १३ डुकरे घेतली, तर १००० नाणी उरली. ३ गाई आणि ३ डुकरे विकून ९ मेंढ्या घेतल्या, तर हिशेब चोख जुळला. ६ मेंढ्या आणि ८ डुकरे विकून ५ गाई घेतल्या, तर ६०० नाणी कमी पडली. प्रत्येक जनावराची किंमत किती? उत्तर आहे गाय १२००, मेंढी ५००, डुक्कर ३००. विकलेले धन, विकत घेतलेले ऋण, उरलेले धन, कमी पडलेले ऋण, अशी मांडणी करून चिनी हिशेबनीस ओळींतून ओळी वजा करत जाई. लिउ हुई याने इ. स. २६३ मध्ये या ग्रंथावर टीका लिहिली. तीत तो सांगतो, की धनासाठी तांबड्या काड्या घ्याव्यात आणि ऋणासाठी काळ्या. निराळे रंग नसतील तर ऋणाच्या काड्या तिरप्या मांडाव्यात.

पद्धत देखणी आहे आणि बिनचूक आहे. मात्र तिच्यात ऋण संख्या वाटेवर भेटते, मुक्कामाला नाही. त्या ग्रंथातल्या उदाहरणांची अंतिम उत्तरे धनच असतात. बेरीज-वजाबाकीचे चिन्हनियम तिथे आहेत. गुणाकाराचा चिन्हनियम मात्र चिनी ग्रंथांत स्पष्टपणे येतो तो झू शिजिए याच्या १२९९ सालच्या पुस्तकात.

अलेक्झांड्रियाच्या डायोफँटसची गोष्ट आणखी विलक्षण. उणे पद गुणिले उणे पद अधिक होते, हा नियम त्याला ठाऊक होता. कंस सोडवताना तो वापरायचाही. पण 'चारपट अज्ञात आणि वीस मिळून चार' अशा अर्थाचे समीकरण समोर आले, तेव्हा त्याने ते अशक्य म्हणून बाजूला सारले. त्याचे उत्तर उणे चार येते. एखाद्या मोठ्या संख्येतून काही वजा करणे त्याला मान्य होते. वजा केलेले एकटे उभे राहणे मान्य नव्हते.

भारतात ब्रह्मगुप्तानंतर ही गणिते रुळली. पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ साली भूर्जपत्रांवरची एक जुनी पोथी सापडली. ती आता ऑक्सफर्डला आहे. तिच्यात ऋण संख्येच्या पुढे चक्क अधिकासारखी फुली काढलेली दिसते. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्याने 'गणितसारसंग्रह' लिहिला. धनाचा वर्गही धन आणि ऋणाचा वर्गही धन, तेव्हा ऋण संख्या कोणाचाच वर्ग होऊ शकत नाही आणि म्हणून तिला वर्गमूळ नाही, असे त्याने नेमके सांगितले. चिन्हांचे नियम किती पक्के मुरले होते, हे या विधानावरून कळते. तर्क सरळ त्या नियमांवर उभा आहे.

मग येतो भास्कराचार्य. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा त्याचा जन्म. ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा झाला. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड असे त्याने सांगितले आहे. ते नेमके कुठले यावर वाद आहेत, पण त्याच्या घराण्याचा भक्कम पुरावा चाळीसगावजवळच्या पाटण इथे दगडावर कोरलेला आहे. त्याचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटणला मठ स्थापन केला आणि १२०७ सालच्या शिलालेखाने त्याला उत्पन्न लावून दिले. लेख संस्कृतात आहे, पण त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला.

भास्कराच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. तिच्या बाबतीत तो किती निर्धास्त होता हे पाहायचे तर 'लीलावती'तला एक त्रिकोण पाहावा. दोन बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला, तर पायाचे दोन तुकडे किती लांबीचे? नेहमीच्या रीतीने एक तुकडा १५ येतो. पाया मुळात ९ चाच, त्यात १५ चा तुकडा कसा मावणार? दुसरा तुकडा म्हणजे ९ वजा १५, उणे ६. भास्कर गोंधळत नाही. तुकडा ऋण आला, म्हणजे तो उलट दिशेला आहे, असे तो सांगतो. आकृती काढली की दिसते, लंब पायाच्या बाहेर सहा घरांवर पडतो आणि त्याची उंची ८ भरते. ऋण म्हणजे उलट दिशा, ही गोष्ट इथे बाराव्या शतकात एका साध्या त्रिकोणातून हाती येते. माझ्या मते ऋण संख्यांच्या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत सुंदर उदाहरण आहे.

आणि तोच भास्कर दुसऱ्या एका गणितात थांबतो. वानरांचा कळप आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली. एक फांदीवर चढलेले दिसते. एकूण वानरे किती? समीकरणाला दोन उत्तरे निघतात: ५० आणि ५. पन्नास धरले तर पाचवा हिस्सा १०, वजा तीन ७, त्याचा वर्ग ४९, आणि फांदीवरचे एक. पाच धरले तर पाचवा हिस्सा १, वजा तीन उणे २, त्याचा वर्ग ४, आणि फांदीवरचे एक. आकडे दोन्हीकडे जुळतात. भास्कर पाच हे उत्तर घेऊ नका म्हणतो, कारण एका वानरातून तीन वानरे वजा झाली यावर लोकांचा विश्वास बसत नाही. त्याने नियम नाकारला नाही. प्रश्न वानरांचा आहे आणि वानरे उणे दोन असत नाहीत, एवढेच त्याने पाहिले. दिशा उलटी होऊ शकते, वानर उलटे होऊ शकत नाही. कुठे ऋण संख्येला अर्थ आहे आणि कुठे नाही, हा विवेक त्याच्या या दोन उदाहरणांत आहे.

या विवेकाला शब्दरूप दिले ते भास्कराच्या एका टीकाकाराने, आणि त्याची मुळे विदर्भात आहेत. कृष्ण दैवज्ञाचे पूर्वज पयोष्णीच्या काठच्या दधिग्रामचे. त्याचा बाप बल्लाळ काशीला जाऊन राहिला. कृष्णाला पुढे जहांगीर बादशहाचा आश्रय मिळाला. १६०० च्या आसपास त्याने भास्कराच्या बीजगणितावर विस्तृत टीका लिहिली. तीत ऋणत्व म्हणजे वैपरीत्य, उलटेपणा, असे सांगून त्याचे तीन प्रकार तो देतो: जागेचे, काळाचे आणि वस्तूचे. पूर्वेकडचे अंतर धन मानले तर पश्चिमेकडचे ऋण. पुढचा काळ धन मानला तर मागचा ऋण. आपल्या मालकीचे ते धन, तर देणे असलेले ऋण. केवळ कर्जाच्या दाखल्यावर न थांबता त्याने मुळातली कल्पना पकडली, की कशालाही दोन परस्परविरुद्ध बाजू असल्या की तिथे धन-ऋण चालते.

युरोपात गोष्टी वेगळ्या घडल्या. बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने इ. स. ८२० च्या सुमारास लिहिलेले बीजगणित पुढे लॅटिनमध्ये गेले आणि तिथल्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्या ग्रंथात ऋण सहगुणकांना जागा नव्हती. म्हणून वर्गसमीकरणांचे सहा वेगवेगळे प्रकार करावे लागत आणि प्रत्येकाची रीत वेगळी. ब्रह्मगुप्ताला तेवढे प्रकार लागले नाहीत, कारण त्याच्या मांडणीत सहगुणक धनही असू शकत होता आणि ऋणही. ऋण संख्या नाकारण्याची किंमत अशी मोजावी लागते. घनसमीकरणांपाशी ती आणखी वाढली. इटलीच्या कार्दानोने १५४५ च्या 'आर्स मॅग्ना' या ग्रंथात घनसमीकरणे सोडवून दाखवली, पण त्यासाठी त्याला तेरा प्रकार करावे लागले. ऋण उत्तरे त्याने ओळखली, आणि त्यांना खोटी उत्तरे असे नाव दिले. पुढच्याच शतकात देकार्तनेही ऋण उत्तरांना तेच विशेषण लावले.

व्हेनिसचे व्यापारी तर रोज कर्जाचे व्यवहार करत. त्यांना ऋण संख्या का सुचू नये? त्यांच्या दुहेरी नोंदीच्या वह्यांत जमेची एक बाजू आणि नावेची दुसरी. दोन्ही बाजूंचे आकडे साधे, धनच. वजाची पाळी येईल तिथे रक्कम पलीकडच्या रकान्यात लिहायची. हिशेबाची ती रचनाच अशी चोख होती की ऋण संख्येची गरजच पडू नये.

सतराव्या शतकातल्या शंका वाचताना दिसते, की त्या आडमुठेपणाच्या नव्हत्या. पास्कलला वाटे, शून्यातून चार वजा केले तर शून्यच उरणार. जिथे काही नाहीच तिथून काढायचे काय? आंत्वान आर्नो याने त्याहून टोकदार प्रश्न टाकला. एकाला उणे एकने भागा किंवा उणे एकला एकने भागा, उत्तर तेच. म्हणजे मोठ्याचे लहानाशी जे प्रमाण, तेच लहानाचे मोठ्याशी. हे कसे शक्य आहे? प्रश्न खरोखर चांगला आहे. त्याचे उत्तर असे, की 'मोठे' याचे दोन अर्थ आहेत. संख्यारेषेवरचा क्रम वेगळा आणि शून्यापासूनचे अंतर वेगळे. उणे एक ही एकापेक्षा लहान आहे, पण शून्यापासून दोन्ही सारख्याच दूर आहेत. ऋण संख्यांनी गुणले की क्रम उलटतो: ३ ही ५ पेक्षा लहान, पण उणे ३ ही उणे ५ पेक्षा मोठी. हे वेगळे करून पाहण्याची सवय तेव्हा लागलेली नव्हती.

इंग्लंडचा जॉन वॉलिस १६५६ मध्ये अशाच फेऱ्यात सापडला. भाजक लहान होत गेला की भागाकार वाढत जातो, शून्यापाशी तो अनंत होतो; मग शून्याहून लहान भाजक घेतला तर भागाकार अनंताहूनही मोठा असला पाहिजे, असा त्याचा तर्क. त्याच वॉलिसने १६८५ च्या बीजगणितावरील पुस्तकात एक माणूस पाच यार्ड पुढे आणि आठ यार्ड मागे चालवला आणि तो निघाल्या जागेच्या तीन यार्ड मागे आहे, हे रेषा काढून दाखवले. संख्यारेषा म्हणून आज शाळेत शिकवतात ती हीच. भास्कराचा त्रिकोण तोवर पाच शतके जुना झाला होता.

इतके होऊनही वाद मिटला नाही. १७५८ मध्ये फ्रान्सिस मासेरेस या इंग्रज वकील-गणित्याने केवळ ऋण चिन्हाच्या वापरावर एक प्रबंध छापला. मोठ्या संख्येतून लहान वजा करणे याखेरीज त्या चिन्हाला अर्थच नाही, अशी त्याची भूमिका होती. १७९६ मध्ये विल्यम फ्रेंडने ऋण संख्या वगळून बीजगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले. या दोघांना वेडे ठरवणे सोपे आहे, पण त्यांची मागणी रास्त होती: नियम वापरायचा तर त्याचे कारण द्या. कर्जाचा दाखला बेरीज-वजाबाकीपुरता चालतो. गुणाकारापाशी तो तोकडा पडतो. कर्ज गुणिले कर्ज म्हणजे काय? कर्जाला कर्जाने गुणून कोणाच्या हाती पैसे आलेले नाहीत.

१८१७ साली लंडनमध्ये एक पुस्तक निघाले. बंगालमध्ये कंपनीच्या चाकरीत आयुष्य घालवलेल्या हेन्री टॉमस कोलब्रूकने ब्रह्मगुप्त आणि भास्कर यांच्या गणिताचा थेट संस्कृतातून इंग्रजीत अनुवाद केला होता. सहा आर्यांतले नियम त्यात होते, वानरांचे गणित होते, आणि तळटीपांमध्ये कृष्ण दैवज्ञाच्या टीकेचा आधार जागोजागी घेतलेला होता. तरी १८३१ मध्ये, चौदा वर्षांनी, ऑगस्टस डी मॉर्गन या नामांकित गणित्याने असा दाखला दिला: बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९ चा, बापाचे वय मुलाच्या दुप्पट कधी होईल? उत्तर येते उणे २. हे निरर्थक आहे, असे तो म्हणतो. प्रश्नच चुकीचा विचारला, 'किती वर्षांपूर्वी' असे विचारायला हवे होते. दोन वर्षांपूर्वी बाप ५४ चा आणि मुलगा २७ चा होता. पुढचा काळ धन, मागचा ऋण, हे कृष्ण दैवज्ञाने सव्वादोनशे वर्षांपूर्वी लिहिले होते. डी मॉर्गन पुढे विल्यम फ्रेंडचा जावई झाला. नंतरच्या काळात त्याचे मत बदलले आणि बीजगणिताच्या नियमांचा स्वतंत्र अभ्यास करणाऱ्यांत त्याने मोठे काम केले.

वाट मोकळी झाली ती अशाच अभ्यासाने. केंब्रिजच्या जॉर्ज पीकॉकने १८३० मध्ये म्हटले, की साध्या संख्यांना लागू पडणारे नियम नव्या संख्यांनाही लागू राहावेत, अशा बेताने नव्या संख्या घ्याव्यात. जर्मनीच्या हेर्मान हांकेलने १८६७ मध्ये हाच धागा शेवटास नेला. ऋण संख्या म्हणजे कुठली वस्तू, हे शोधत बसू नका. गुणाकार बेरजेवर वाटला जातो हा नियम टिकवायचा असेल तर चिन्हांचा नियम आपोआप ठरतो, दुसरा पर्यायच उरत नाही, हे त्याने दाखवले.

युक्तिवाद असा आहे. ३ आणि उणे ३ यांची बेरीज शून्य. तिला कशानेही गुणले तरी शून्यच. आता उणे ५ ने गुणू. उणे ५ गुणिले ३, अधिक उणे ५ गुणिले उणे ३, मिळून शून्य झाले पाहिजे. यातला पहिला गुणाकार उणे १५, कारण उणे ५ तीन वेळा घेतले. मग दुसरा गुणाकार असा हवा की उणे १५ मध्ये मिळवल्यावर शून्य यावे. अशी संख्या एकच, १५. वर्गात उणे गुणिले उणे म्हणजे उणेच असे कोणी धरून बसले, तर एकूण उणे ३० येईल, आणि शून्याला गुणून उणे ३० आले असे म्हणावे लागेल.

या युक्तिवादासाठी लागणारे तीनही नियम, म्हणजे विरुद्ध संख्यांची बेरीज शून्य, शून्याने गुणले की शून्य, आणि धन गुणिले ऋण म्हणजे ऋण, ब्रह्मगुप्ताच्या त्याच सहा आर्यांत आहेत. आणि दोन तुकड्यांना वेगवेगळे गुणून बेरीज करण्याची रीतही त्याला परिचित होती. भिल्लमाळच्या आचार्याने कारण सांगितले नाही, पण कारणाचे सगळे साहित्य त्याच्यापाशी होते.

महाराष्ट्रातली मुले सहावीत पूर्णांक संख्या आणि सातवीत त्यांचा गुणाकार शिकतात. 'उणे गुणिले उणे अधिक' हे वाक्य बहुतेकांना पाठ होते, आणि का, हे पुष्कळांना मोठेपणीही सांगता येत नाही. ज्या प्रश्नापाशी मासेरेस थांबला, तो सातवीतल्या मुलाने विचारला तर त्याला 'नियमच आहे' असे सांगून बसवू नये. भास्कराचा त्रिकोण फळ्यावर काढावा, त्याखाली ३ आणि उणे ३ ची ही मांडणी करावी. शिक्षकांनी त्यासाठी एका तासातली दहा मिनिटे जरूर काढावीत.